'आम्ही' आणि 'आपण' : रोगराई आणि समूहभावनेच्या एका सिद्धान्ताविषयी

एम. ए.च्या भाषाविज्ञानाच्या तासाला सर्वनामांचा पाठ सहसा रंगत नाही. गेल्या हिवाळ्यात मात्र तो रंगला. मराठीत 'मी येतो' असे न म्हणता नुसते 'येतो' म्हटले तरी भागते, इंग्रजीत तसे भागत नाही, एवढेच मी फळ्यावर दाखवत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ज्या देशांत रोगराई जास्त, तिथल्या भाषा 'मी' गाळतात, असं वाचलं. खरं आहे का?" वर्ग हसला, मीही हसले. रोगराई आणि सर्वनाम यांचा संबंध काय असणार? पण पोराने तो कुठून आणला हे पाहावे म्हणून मूळ निबंध मिळवला आणि वाचत गेले, तसे हसू ओसरले. त्या निबंधातले सगळे मला पटले नाही. मात्र आपल्या भाषेला आणि समाजाला त्याने विचारलेला प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, असे वाटले. तो प्रश्न येथे मांडत आहे.

निबंध २००८ सालचा, लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातला. कोरी फिंचर, रँडी थॉर्नहिल, डेमियन मरे आणि मार्क शॅलर हे त्याचे लेखक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या संसर्गजन्य रोगांचा भार जास्त राहिला, तेथील समाजात समूहवादी मूल्ये बळावली, ज्या प्रदेशात तो कमी राहिला, तेथे व्यक्तिवादाला वाव मिळाला. समूहवाद म्हणजे येथे नुसता एकत्र कुटुंबाचा जिव्हाळा नव्हे. आपल्या माणसांशी घट्ट बांधिलकी, परक्यांपासून अंतर आणि रूढी मोडणाऱ्याविषयी नापसंती, ही तिन्ही मिळून तो होतो. उलट स्वतःच्या मर्जीने जगणे, अनोळखी माणसाशी सहज मिसळणे आणि चारचौघांपेक्षा वेगळे वागणाऱ्याला खपवून घेणे हा व्यक्तिवाद.

याचे कारण ते असे देतात. शरीरातली प्रतिकारशक्ती जंतू आत शिरल्यावर कामाला लागते आणि ते काम शरीराला महागात पडते. ताप, अशक्तपणा, कधी मृत्यू. त्यापेक्षा जंतूला दाराबाहेरच थोपवणे स्वस्त. त्यासाठी माणसाच्या मनात आणि वागण्यात एक बाहेरची तटबंदी तयार झाली असावी. शॅलर यांनी तिला वर्तनाची प्रतिकारव्यवस्था म्हटले आहे. किळस हा तिचा पहिला पहारेकरी. कुजलेले अन्न, वाहती जखम, घाण वास यांपासून माणूस विचार न करता मागे सरतो. भरतमुनींनी जुगुप्सेला आठ स्थायिभावांत जागा दिली आणि बीभत्स रस तिच्यावर उभा केला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ही भावना मुळात कशासाठी आहे, याचे एक उत्तर आता जीवशास्त्राकडून येते आहे, एवढेच.

तटबंदीचा दुसरा थर रूढींचा. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ते असतात हेही ज्या काळात ठाऊक नव्हते, त्या काळात पाणी कुठले प्यावे, अन्न कसे शिजवावे, प्रेताला कोणी हात लावावा, याचे नियम चुकतमाकतच ठरले असणार. कोणता नियम कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी सगळेच पाळावेत हे सुरक्षित, 'का?' असे विचारणारा एखादा धोक्याचा. तिसरा थर परक्याविषयीच्या संशयाचा. परक्याच्या अंगावरचे जंतू आपल्या ओळखीचे नसतात आणि त्याला आपले नियम माहीत नसतात. स्पॅनिश लोकांबरोबर मेक्सिकोत आलेल्या देवीच्या रोगाने १५२० साली टेनोच्टिट्‌लान नगरीची जी दैना केली, ती पाहता या संशयाला काहीच आधार नव्हता असे म्हणवत नाही.

आता पुरावा. रोगांचा भार त्यांनी जुन्या वैद्यकीय नकाशांवरून मोजला. मलेरिया, हत्तीरोग, कुष्ठरोग, क्षय, डेंग्यू, टायफस अशा नऊ रोगांची देशोदेशीची तीव्रता घेतली. संस्कृती मोजण्यासाठी आधीपासून तयार असलेल्या चार मोजपट्ट्या वापरल्या. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध खीर्ट हॉफ्स्टेड या डच अभ्यासकाची. तिचा पाया आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतल्या नोकरवर्गाला १९७० च्या आसपास विचारलेल्या प्रश्नावलीचा आहे. आणि चौथी मोजपट्टी सर्वनामांची! एमिको आणि योशिहिसा काशिमा यांनी १९९८ साली ३९ भाषा तपासून असे दाखवले होते की, ज्या भाषांत कर्त्याचे सर्वनाम गाळता येते, त्या बोलणारे समाज व्यक्तिवादाच्या मोजपट्टीवर खाली असतात. 'मी' उच्चारावाच लागणे म्हणजे बोलणारा स्वतःला पार्श्वभूमीपासून वेगळा काढून दाखवतो; 'मी' गाळणे म्हणजे तो प्रसंगात विरघळून जातो, असा त्यांचा अर्थ. चारही पट्ट्यांवर रोगभार आणि समूहवाद बरोबरीने चढताना दिसले. माझ्या विद्यार्थ्याने वाचले होते ते हे.

येथे भाषेच्या शिक्षकाला तोंड उघडणे भाग आहे. मराठी क्रियापद आपल्या पोटात कर्ता घेऊनच चालते. 'येते' म्हणताच बोलणारी बाई आहे हे कळते, 'येतेस' म्हटले की समोरची बाई आहे हे कळते. मग सर्वनाम कशाला हवे? स्पॅनिश आणि इटालियन भाषांतही हीच सोय आहे. जपानी आणि चिनी क्रियापद मात्र कर्त्याविषयी काहीच सांगत नाही, तरी तेथे सर्वनाम गळते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पारड्यात टाकल्या की हिशेब सरळ दिसतो, पण खरा राहत नाही. शिवाय 'मी' न उच्चारल्याने माणूस निरहंकारी होतो असेही नाही. 'जेवलो, झोपलो, पाठ दुखतेय, कंटाळा आला' असे स्वतःपलीकडे काहीही न बोलणारे गृहस्थ आपल्या प्रत्येकाच्या नात्यात निघतील. दिवसभरात त्यांच्या तोंडून 'मी' एकदाही येत नाही.

मला खरे खटकले ते दुसरेच. सर्वनामांकडेच जायचे होते, तर 'मी'पाशी का थांबलात? 'आम्ही' आणि 'आपण' यांच्याकडे का नाही पाहिले? पाहुण्याला 'आम्ही जेवायला बसतोय' म्हटले तर त्याने निघायचे असते. 'आपण जेवायला बसू' म्हटले तर हात धुवायचे असतात. इंग्रजी आणि हिंदीत दोन्हींना एकच शब्द. गुजरातीत अमे आणि आपणे आहेत, तेलुगूत मेमु आणि मनमु; बडोद्याच्या आणि हैदराबादच्या वाचकांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. इंदूरची माझी मुले हिंदी 'हम'च्या सवयीने दोन्हीकडे 'आम्ही' वापरतात. मी अडवते. त्यांना तो माझा व्याकरणाचा सोवळेपणा वाटतो. पण रोगराईमुळे समूहभावना वाढते असे कोणी म्हणाले की माझा पहिला प्रश्न हाच असतो : कोणती? समोरच्याला धरून असलेली, की त्याला वगळून असलेली? चारही मोजपट्ट्यांना हा फरक दिसत नाही.

या सिद्धान्तावर आणखीही आक्षेप आहेत. ते लवकर सांगून पुढे जाते. एडवर्ड टायलर यांनी १८८८ साली लंडनमध्ये अशाच प्रकारचा तुलनात्मक निबंध वाचला, तेव्हा फ्रान्सिस गॉल्टन यांनी विचारले होते की, शेजारच्या समाजांनी चालीरीती एकमेकांकडून घेतल्या असतील, तर त्यांना स्वतंत्र उदाहरणे म्हणून कसे मोजता? शेजारचे देश रोगही वाटून घेतात आणि रूढीही, तेव्हा तो प्रश्न येथेही उभा राहतो. दुसरे, जेथे पैसा आहे तेथे स्वच्छ पाणी आणि गटारे आहेत, म्हणून रोग कमी. आणि जेथे पैसा आहे तेथेच माणसाला भाऊबंदांवाचून जगणे परवडते. तेव्हा मूळ कारण रोग, की दारिद्र्य? तिसरे, हॉफ्स्टेडच्या मूळ मोजणीत व्यक्तिवादाचे अमेरिकेला ९१ गुण आणि भारताला ४८. रोगांच्या नकाशावर इतका गडद असलेला आपला देश येथे मधोमध बसतो. अर्थात सत्तरच्या दशकात आयबीएमच्या कचेरीत बसणारा भारतीय आणि बाकीचा भारत यांत किती अंतर होते, हे वेगळे सांगायला नको.

चौथी हरकत भाताच्या शेतातून आली. थॉमस टॅल्हेल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली चीनमध्ये असे दाखवले की, भात पिकवणाऱ्या दक्षिणेतले लोक गहू पिकवणाऱ्या उत्तरेपेक्षा अधिक परस्परावलंबी विचार करतात, कारण भाताला पाणी लागते आणि पाणी एकट्याने आणता येत नाही. गोव्यातल्या वाचकांना यासाठी चीनला जायला नको. खाजन जमिनीत खाडीचे खारे पाणी अडवायचे तर बांध सगळ्यांनी मिळून राखावा लागतो आणि मानशीची दारे भरती-ओहोटीच्या वेळी उघडझाप करावी लागतात. एकाने आपल्या बाजूचा बांध फुटू दिला तर सगळ्यांची भातशेती खारट होते. गावकरीची व्यवस्था या चिखलात उभी राहिली. तिला हिवतापाची गरज नव्हती.

एवढे सगळे असूनही मी तो निबंध बाजूला ठेवू शकले नाही, कारण आपल्या शब्दांत आणि चालीरीतींत त्याच्या खुणा आहेत. फक्त एक भेद करावा लागतो, तो निबंधकारांनीही पुरेसा केलेला नाही. सदैव घरात वावरणारा रोग वेगळा आणि अचानक वेशीतून शिरणारी साथ वेगळी. त्यांचा सिद्धान्त पहिल्याविषयी आहे. आपल्या आठवणी मात्र बहुतेक दुसरीच्या आहेत.

पहिल्याचा नमुना देवी. या रोगाला मराठीने रोग म्हटलेच नाही. 'देवी आल्या' असे आदरार्थी बहुवचनात बोलायचे, गोवर-कांजिण्यांनाही 'बाया' म्हणायचे. बाया घरात असताना फोडणी द्यायची नाही, दाराला कडुलिंबाचा डहाळा, बाहेरच्याने आत यायचे नाही, पोराला वेगळे निजवायचे, आणि बाया निघाल्या की न्हाऊ घालून त्यांची बोळवण. वैद्यकीय भाषेत याला विलगीकरण म्हणता येईल. पण त्या पोराला कोणी टाकून दिले नाही. त्याच्या अंगात देवी होती, त्याची सेवा ही देवीची सेवा होती. घर बंद होते, पण ते पोराला आत घेऊन बंद होते. भाषा पुढेही कशी वागली पाहा : लस आली तेव्हा तिलाही आपण देवीचेच नाव दिले. लस टोचणे म्हणजे 'देवी काढणे', 'देवी टोचणे'. भारतात देवीचा रोग १९७५ साली थांबला. त्याआधी जन्मलेल्या माझ्या पिढीच्या दंडावर त्या टोचण्याचे वण आहेत. वर्गात मी ते दाखवते, तेव्हा मुले आश्चर्याने पाहतात.

दुसरीचा नमुना पटकी. ती घरची नव्हती, बाहेरून यायची, दोन दिवसांत माणसे न्यायची. तिच्यासाठी मरीआईचा गाडा. गावाने वर्गणी काढायची, लाकडी गाडा सजवायचा, त्यावर देवीला बसवायचे, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा गावच्या शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. गावातली सगळी माणसे या कामाला एकत्र येत. समूहभावना म्हणून याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. पण शिवेपलीकडे काय असते? दुसरे गाव. त्या गावाला सकाळी गाडा दिसला की तेही तो आपल्या शिवेवरून पुढे ढकलणार. पटकी 'आमच्या'तून गेली पाहिजे. ती कोणाच्यात गेली हा 'आमचा' प्रश्न नव्हता.

साथ आली की समाज घट्ट होतो, हेही सर्वत्र खरे नाही. युरोपात १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने निदान एक तृतीयांश माणसे नेली. त्याच काळात विहिरीत विष कालवल्याच्या आरोपावरून ज्यूंची कत्तल झाली. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना जिवंत जाळले. परक्याविषयीच्या संशयाचे हे टोक. पण त्याच साथीने इंग्लंडमध्ये मजूर इतके कमी केले की, उरलेले जास्त मजुरी मागू लागले आणि जमीनदाराला सोडून जाऊ लागले. त्यांना रोखण्यासाठी १३५१ साली कायदा करावा लागला, तरी वेठबिगारीची पकड सैल होत गेली ती गेलीच. एकाच रोगाने एकीकडे कुंपण उंच केले आणि दुसरीकडे दावे तोडले.

आपल्याकडचे सर्वांत परिचित प्रकरण १८९७ च्या पुण्याचे. मुंबईत मांडवी भागात १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग ओळखला तो मूळच्या गोव्याच्या डॉ. आकासियो व्हिएगस यांनी. त्या वेळी मराठीत त्याला 'गाठीचा ताप' म्हणत. पुढच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि गोरे सोजीर घरोघर तपासणीसाठी फिरू लागले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी झाली, आजारी माणसाला घरच्यांपासून ओढून छावणीत नेले, सामान जाळले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास शाळेत शिकवला जातो.

या सिद्धान्ताच्या चष्म्यातून मी हे पुन्हा वाचले तेव्हा एक गोष्ट नव्याने दिसली. सरकारचे विलगीकरण आणि देवीच्या वेळचे घरातले विलगीकरण यांत शास्त्राच्या दृष्टीने पुष्कळ सारखेपणा आहे. फरक कर्त्याचा आहे. एक 'आपण' करायचे होते, दुसरे 'त्यांनी आम्हाला' केले. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याची खोली वेगळी केली, तोच समाज तीच गोष्ट सोजिराने केल्यावर पेटून उठला. टिळकांनी हा फरक ओळखला होता असे वाटते. केसरीतून त्यांनी सरकारी जुलमावर झोड उठवली, तसेच पुणे सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांनाही बोल लावले, आणि स्वतः शहरात राहून हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. आपल्या लोकांच्या हातचे विलगीकरण लोक सोसतील, हा त्यामागचा हिशेब असावा. पण 'आपले लोक' ही रेघ तेथेही होतीच; रुग्णालयाच्या नावातच ती होती.

त्याच साथीत, त्याच शहराबाहेर, सावित्रीबाई फुले आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यात काम करत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्या वेळी त्या साठी ओलांडलेल्या होत्या. फिंचर आणि सहकाऱ्यांच्या तक्त्यात या कृतीला रकाना नाही. ती व्यक्तिवादी म्हणावी, तर स्वतःच्या मर्जीसाठी केलेली नाही. समूहवादी म्हणावी, तर त्या काळच्या कोणत्याही समूहाने तिला मान्यता दिली नसती. ती 'आपण' या शब्दात बसते, पण तो 'आपण' तेव्हा प्रत्यक्षात कोठे नव्हता.

हे मी इतके लांबवून सांगते आहे त्याला कारण आहे. २०२० पासून प्राध्यापकांच्या खोलीत, लग्नसमारंभात, प्रवासात मी एक वाक्य सारखे ऐकते : आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, सोवळे म्हणजे जंतूंपासूनचे अंतरच होते. बोलणारे शिकलेले असतात. या सिद्धान्ताची अर्धी बाजू हाती लागली तर त्यांना हवे ते मिळेल. म्हणून दुसरी बाजू सांगायला हवी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, पटकी दूषित पाण्यातून. माणसाच्या सावलीचा किंवा जातीचा दोहोंशी काही संबंध नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याला अस्पृश्यांचा स्पर्श झाला, म्हणून त्याच्या 'शुद्धी'साठी पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र ओतले गेले. जंतूंची भीती असलेला माणूस हे करणार नाही. आणि खरोखर धोक्याची कामे, मेलेले जनावर ओढणे, मैला उपसणे, ती त्या व्यवस्थेने टाळली नव्हती, काही माणसांना नेमून दिली होती. तटबंदी होती हे खरे. पण ती रोगाच्या विरुद्ध होती असे मानायला आधार नाही. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' या कन्नड कादंबरीत अग्रहारातले ब्राह्मण प्रेताला अग्नी कोणी द्यायचा याचा शास्त्रार्थ करत बसतात आणि घराघरांत उंदीर मरून पडत असतात. बेळगावकडच्या मित्रांनी ती मला मुळातून वाचून दाखवली होती. नियम पाळण्यात गुंतलेल्या गावाला साथ दिसतच नाही, हे तीत जसे आले आहे तसे कोणत्याही तक्त्यात येणार नाही.

याच कारणाने २०२० साली 'सामाजिक अंतर' हा शब्द सरकारी फलकांवर आला, तेव्हा मला तो टोचला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच मार्चमध्ये 'शारीरिक अंतर' म्हणावे असे सुचवले होते. आपल्याकडे जुना शब्दच रुळला. सामाजिक अंतर आपण आधीच पुष्कळ राखून होतो.

मी राहते त्या शहराचे एक उदाहरण मला या सगळ्याच्या मधोमध ठेवावेसे वाटते. होळकर दरबारच्या बोलावण्यावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ १९१७ साली इंदूरला आले. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार झालेले. शहरात प्लेग आणि हिवताप होता. पुण्याचा अनुभव वीस वर्षांपूर्वीचा होता. सोजीर पाठवून घरे साफ करून घेण्याचा परिणाम सर्वांना माहीत होता. गेडिसने दिवाळी निवडली. त्याने असे जाहीर केले की, यंदाची मिरवणूक ठरलेल्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यावरची जास्तीत जास्त घरे साफसूफ आणि दुरुस्त केलेली असतील त्या रस्त्याने जाईल. लोकांनी चढाओढीने घरे झाडली, अडगळ बाहेर काढली, उंदीर पकडले. मिरवणुकीत हत्ती, घोडे, लक्ष्मी हे सगळे होतेच, पण रावणाच्या जागी घाणीचा राक्षस होता आणि त्याच्याबरोबर प्लेगचा भलामोठा उंदीर. दोघांचे दहन झाले. शेवटाकडे आणखी एक नवी देवता होती, इंदूर नगरी.

आणि त्या मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार होते. नव्या पांढऱ्या कपड्यांत, फुले माळून, आपापल्या झाडूंसह. जे एरवी पहाटे अंधारात यायचे आणि ज्यांच्या वाटेवरून लोक बाजूला व्हायचे, ते त्या दिवशी हत्तींच्या बरोबरीने शहराच्या मुख्य रस्त्यावरून चालले. मरीआईच्या गाड्याशी ताडून पाहिले की गेडिसने काय केले ते कळते. गाड्याचे सगळे साहित्य त्याने घेतले : वर्गणी, वाजंत्री, मूर्ती, गावाची एकी. फक्त गाडा शिवेपलीकडे सोडला नाही, गावातच जाळला. आणि ज्यांना गाव शिवेबाहेर ठेवत होते, त्यांना मिरवणुकीत घेतले. रोगाच्या भीतीने समूह एकवटतो, ही या सिद्धान्ताची अर्धी गोष्ट इंदूरला खरी ठरली. पण ती कोणत्या बाजूला वळणार, हे रोगाने ठरवले नाही. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे ठरवणाऱ्याने ठरवले. दुसऱ्या दिवशी ते कामगार पुन्हा पहाटे अंधारात आले असतील, याविषयी मला शंका नाही. आज देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आमचा गौरव होतो, तेव्हाही पहाटे रस्ता झाडणाऱ्या बाईचे आडनाव विचारावेसे वाटते.

त्या विद्यार्थ्याला मी अजून पुरते उत्तर दिलेले नाही. सर्वनामे गाळण्याचा रोगराईशी संबंध नाही, असे मी त्याला सांगितले. समूहभावनेचा असेल, पण तुझ्या निबंधाने ती अर्धीच मोजली, असेही सांगितले. मग वर्गाला एक काम दिले. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला त्यांनी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या एखाद्या साथीविषयी विचारायचे आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून आणायचे. सर्वनामे बदलायची नाहीत. वह्या आल्या. कोणाच्या आजीने पणजोबांच्या तोंडची १९१८ ची मानमोडी सांगितली होती, कोणी देवी, कोणी पटकी. एका मुलीने आणलेल्या दोन वाक्यांवर मी लाल पेन टेकवून बराच वेळ थांबले. तिची आजी एकाच दमात म्हणाली होती : "आमच्याकडं देवी आल्या होत्या. पलीकडच्या वस्तीत रोग होता." मुलीने खाली पेन्सिलीने लिहिले होते, 'मॅडम, दोन्हीकडे एकच आजार होता, मी पुन्हा विचारून घेतलं.'